लिनक्स डेस्कटॉपवर दोन मॉनिटर: आधी केबल, मग ड्रायव्हर, मांडणी शेवटी

दुसरा मॉनिटर जोडला आणि त्यावर काहीच उमटलं नाही, की बहुतेक जण लगेच टर्मिनल उघडतात. कुठून कुठून मिळालेल्या कमांडी एकामागून एक चिकटवल्या जातात. त्यातली एखादी जुन्या धाटणीची कॉन्फिग फाइल मागे सोडून जाते, दुसरी ड्रायव्हर अर्धवट बदलते, आणि तासाभराने चालू असलेला मॉनिटरही काळा पडतो. केबल मात्र पहिल्यापासून चुकीच्या पोर्टात असते.

म्हणून हा लेख मुद्दाम मागच्या बाजूने सुरू होतो. आधी पोर्ट आणि केबल, मग ड्रायव्हर, मग सेशन आणि सगळ्यात शेवटी मांडणी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आलं, तरी कशामुळे आलं ते कळत नाही. पुढच्या वेळी गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१. तयारी: कॅबिनेटच्या मागे टॉर्च मारा

उभ्या कॅबिनेटच्या मागे पोर्टांचे दोन गट असतात. यूएसबी, लॅन आणि ऑडिओच्या शेजारचे पोर्ट मदरबोर्डचे. त्यांच्या खाली आडव्या पट्टीत बसलेले पोर्ट ग्राफिक्स कार्डाचे. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडा. एक कार्डाला आणि एक मदरबोर्डाला, ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

कारण असं, की कार्ड बसवलेलं दिसलं की अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप आपोआप बंद करतात. मग मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट नुसता शोभेचा उरतो. काही प्रोसेसरमध्ये तर ग्राफिक्स चिपच नसते. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ अक्षर आहे ते असे असतात. बायोसमध्ये जाऊन ही चिप पुन्हा चालू करता येते, पण तेव्हा एका डेस्कटॉपची चित्रं दोन वेगळ्या चिपांना वाटून द्यावी लागतात. कार्डावर पोर्ट शिल्लक असताना या भानगडीत पडायचं कारण नाही.

कार्ड नसेल तर प्रश्नच नाही. मदरबोर्डचे दोन पोर्ट वापरा, दोन्ही चालतील.

आता केबल आणि अ‍ॅडॉप्टर. इथे चार गोष्टी लोकांना नडतात.

पहिली गोष्ट स्प्लिटर. एका एचडीएमआय पोर्टातून दोन तोंडं काढणारा स्प्लिटर दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दाखवतो. कॉम्प्युटरच्या लेखी तो एकच मॉनिटर असतो. लिनक्स असो वा आणखी काही, कुठल्याही सेटिंगने त्याचे दोन होत नाहीत. डिस्प्लेपोर्टसाठी एमएसटी हब नावाची वेगळी वस्तू मिळते, तिच्यातून मात्र खरेच दोन स्वतंत्र मॉनिटर निघतात.

दुसरी गोष्ट अ‍ॅडॉप्टरची दिशा. कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल, तर साधा स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुधा चालतो. उलट, म्हणजे कॉम्प्युटरकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर साधी केबल चालत नाही. त्याला स्वतःची वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दोन्ही टोकं पोर्टात नीट बसतात, म्हणून फसगत होते. घेण्यापूर्वी पाकिटावर कुठून कुठे जाते ते वाचा.

तिसरी गोष्ट केबलची कुवत. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र ३० हर्ट्झनेच, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच येतं. माउस ओढल्यासारखा वाटतो आणि लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. ४के ६० हर्ट्झने हवं असेल तर पोर्ट, केबल आणि मॉनिटर या तिघांनाही एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी यायला हवं. सिंगल लिंक डीव्हीआयची मजल ६० हर्ट्झला १९२० × १२०० पर्यंतच.

चौथी गोष्ट यूएसबी. डेस्कटॉपवरचा टाइप-सी पोर्ट चित्र देतोच असं नाही. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो आणि तो आहे की नाही हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्येच कळतं. साध्या यूएसबीतून एचडीएमआय काढणारे अ‍ॅडॉप्टर वेगळीच जात आहे. त्यातल्या डिस्प्लेलिंक चिपवाल्यांना लिनक्सवर स्वतंत्र ड्रायव्हर घालावा लागतो. कार्डावर मोकळा पोर्ट असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तपासा: कुठल्या मॉनिटरची केबल कुठल्या पोर्टात जाणार हे आत्ताच ठरवा आणि नंतर बदलू नका. का, ते पाचव्या पायरीत कळेल.

२. एकेक मॉनिटर एकटा चालवून बघा

ही पायरी सगळे गाळतात. वेळ लागतो पाच मिनिटं, वाचते अख्खी संध्याकाळ.

मशीन बंद करा. फक्त पहिला मॉनिटर, त्याच्या ठरलेल्या केबलने, ठरलेल्या पोर्टात लावा. चालू करा, डेस्कटॉप येऊ द्या. पुन्हा बंद करा, पहिला काढा आणि फक्त दुसरा त्याच्या ठरलेल्या केबलने आणि पोर्टाने लावून सुरू करा.

दुसरा एकटाही उठला नाही, तर दोष लिनक्सच्या मांडणीत नाही हे नक्की झालं. आता मॉनिटरच्या खालच्या बटणांनी इनपुट सोर्स बघा. मॉनिटर एचडीएमआय १ वर आणि केबल एचडीएमआय २ मध्ये, हे प्रकरण मी स्वतः अर्धा तास घालवून शोधलेलं आहे. आपोआप इनपुट शोधणारे मॉनिटरही कधी कधी शोधायचा कंटाळा करतात. इनपुट बरोबर असेल तर फक्त केबल बदला. तरी नाही, तर केबल तीच ठेवून पोर्ट बदला. या क्रमाने गेलात तर दोषी कोण ते दोन-तीन फेऱ्यांत समजतं.

सावधान: डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलींना खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलं तर पोर्ट कार्डासकट हलतो.

दोन्ही मॉनिटर एकेकटे चालले, की मगच दोन्ही एकत्र लावून मशीन सुरू करा. सुरुवातीचा लोगो आणि बूट मेनू कदाचित एकाच मॉनिटरवर दिसेल, दुसरा काळा राहील. डेस्कटॉप येईपर्यंत थांबा, त्यात बिघाड काही नाही.

३. ड्रायव्हर: आहे तो तपासा, लगेच बदलू नका

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. त्यांच्यासाठी निर्मात्याच्या साइटवरून काही उतरवायची गरज नसते. कार्ड अगदी नवं असेल आणि डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा अवतार) जुनी, तर मात्र कर्नल, फर्मवेअर आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) ही तिन्ही पॅकेजं अपडेट करावी लागतात.

एन्व्हिडियाचं तसं नाही. नूवो हा मुक्त ड्रायव्हर दोन मॉनिटर दाखवू शकतो, पण कार्डाची पूर्ण ताकद हवी असेल तर एन्व्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो डिस्ट्रोच्या मार्गानेच घाला. उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, फेडोरात आरपीएम फ्युजन. साइटवरची इन्स्टॉलर फाइल थेट चालवली तर पुढच्या कर्नल अपडेटला मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) जुळत नाही आणि एके दिवशी सकाळी काळा पडदा समोर येतो.

दोन जागी लोक घाई करतात. फेडोरात ड्रायव्हरचं पॅकेज बसल्यावर मॉड्यूल पाठीमागे तयार होत असतं. त्याला काही मिनिटं द्या, लगेच रीस्टार्ट करू नका. आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर उबुंटू ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला लावतं. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात तर संधी गेली. मग ड्रायव्हर बसलेला असूनही लोड होत नाही.

तपासा: सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ किंवा सिस्टिम माहितीच्या पानावर ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे तुमच्या कार्डाचं किंवा चिपचं नाव हवं. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर खरा ड्रायव्हर चालूच नाही, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय. अशा वेळी दुसरा मॉनिटर बहुधा दिसत नाही आणि रिझोल्यूशनही एकाच आकड्यावर अडकतं.

याचं एक कारण हमखास विसरलं जातं. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडत होता म्हणून कोणीतरी बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द घालायला सांगितलेलं असतं. तो तिथेच राहिला तर कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरला काम करूच देत नाही. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूट प्रोग्रॅमच्या सेटिंगमधून तो शब्द काढा, ग्रब अपडेट करा, रीस्टार्ट करा.

अजूनही शंका असेल तर लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून एखादी ताजी डिस्ट्रो सुरू करा. तिच्यात दोन्ही मॉनिटर आपोआप लागले, तर हार्डवेअर निर्दोष आहे आणि दुरुस्ती तुमच्या बसवलेल्या सिस्टिममध्ये करायची आहे. लाइव्हमध्येही दुसरा आला नाही, तर पहिल्या पायरीकडे परत चला.

४. वेलँड की एक्स११, एवढं माहीत करून घ्या

पडद्यावर खिडक्या आणि चित्र दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था; लॉगिन केल्यावर सुरू होणाऱ्या सेशनमध्ये त्यातली एक चालू असते. ग्नोम, केडीई आणि सिनॅमन हे डेस्कटॉपचे प्रकार. ग्नोममध्ये ‘अबाउट’च्या ‘सिस्टिम डिटेल्स’मध्ये विंडोइंग सिस्टिम लिहिलेली असते. केडीईच्या सिस्टिम माहितीत ती ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ नावाने सापडते. मिंटचा सिनॅमन नेहमीच्या सेशनमध्ये एक्स११ वर चालतो.

हे का बघायचं? ‘एक्सरँडआर’ ही जुनी लोकप्रिय कमांड मॉनिटरांची मांडणी फक्त एक्स११ मध्ये बदलते. वेलँडमध्ये ती यादी दाखवेल, पण बदल करायला गेलात तर काहीच होणार नाही. निम्म्या गाइडा याच कमांडीवर उभ्या आहेत, आणि वाचणारा बिचारा वेलँडमध्ये बसून त्या मारत असतो.

दुसरा फरक रोजच्या वापरात जाणवतो. दोन मॉनिटरांचं स्केलिंग (अक्षरं आणि चिन्हं किती मोठी दिसावीत ते) वेगवेगळं हवं असेल, म्हणजे एक ४के आणि एक साधा, किंवा एक ६० हर्ट्झचा आणि दुसरा १४४ चा, तर वेलँड निवडा. एक्स११ दोन्ही मॉनिटरांना एकच मोठा कॅनव्हास मानतं, त्यामुळे ही जोडी त्याला नीट पेलत नाही. दोन्ही मॉनिटर सारखे असतील तर काहीही चालेल.

५. मांडणी: आकडे आधी, ओढाओढ नंतर

आता सेटिंग्जमधलं ‘डिस्प्लेज’ उघडा. दोन चौकटी दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर इथलं एकही बटण उपयोगाचं नाही, मागच्या पायऱ्यांपैकी एक कच्ची आहे. त्यासाठी इथे शोधत बसू नका.

दोन दिसत असतील तर याच क्रमाने जा.

अ) आधी मोड. ‘जॉइन’ म्हणजे दोन्ही मिळून एक मोठा डेस्कटॉप, ‘मिरर’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. दुसऱ्या मॉनिटरवर पहिल्याचीच नक्कल दिसतेय अशी तक्रार असेल, तर बहुधा मिरर चालू असतो.

आ) मग प्रत्येक मॉनिटरचं रिझोल्यूशन. ते मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनवरच ठेवा. अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करणं चुकीचं, सगळं धुरकट होतं. त्यासाठी स्केलिंग आहे.

इ) रिफ्रेश रेट. १४४ हर्ट्झचा मॉनिटर मुकाट ६० वर चाललेला बऱ्याचदा आढळतो. यादीत मोठा आकडाच नसेल तर केबल किंवा अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या.

ई) स्केलिंग.

उ) आणि सगळ्यात शेवटी चौकटी ओढून जागेवर लावा.

मांडणी शेवटी का, ते उदाहरणाने सांगतो. ३८४० × २१६० चा मॉनिटर २०० टक्के स्केलवर असेल तर डेस्कटॉपच्या हिशोबात तो १९२० × १०८० चा होतो. शेजारी साधा १९२० × १०८० चा मॉनिटर ठेवला तर दोन्हींची उंची तंतोतंत जुळते. आता पहिल्याचं स्केल १५० टक्के केलं, तर तो २५६० × १४४० चा होतो. उंचीत ३६० चा फरक पडला. वरच्या कडा जुळवल्या असतील, तर मोठ्या मॉनिटरच्या खालच्या ३६० एककांच्या पट्ट्यात माउस कडेवर येऊन थटतो, पलीकडे जात नाही. ‘माउस मध्येच अडकतो’ ही तक्रार म्हणजे जवळजवळ नेहमी हाच पट्टा. आधी मांडणी करून मग स्केल बदलणाऱ्याला ती दोनदा करावी लागते.

चौकटी टेबलावरच्या खऱ्या जागेप्रमाणे ठेवा. दुसरा मॉनिटर डावीकडे असताना चौकट उजवीकडे राहिली, की माउस उजव्या कडेतून बाहेर पडून डाव्या मॉनिटरवर उगवतो. उंचीही तशीच बघा. एक मॉनिटर स्टँडवर उंच असेल तर चौकटही थोडी वर सरकवा. मी स्वतः माउस एका मॉनिटरच्या मधोमध धरून सरळ आडवा सरकवतो. पलीकडे तो डोळ्यांना जिथे अपेक्षित असतो तिथेच निघाला, की मांडणी झाली.

मॉनिटर उभा वापरायचा असेल तर ओरिएंटेशनमधून वळवा. डावं-उजवं चुकलं तर चित्र उलटं दिसेल, दुसरा पर्याय घ्या. उभं केल्यावर उंची-रुंदीची अदलाबदल होते, तेव्हा मांडणी पुन्हा बघावी लागेल.

सावधान: ‘अप्लाय’ केल्यावर ‘कीप चेंजेस’ विचारणारी खिडकी येते. ग्नोममध्ये त्यासाठी २० सेकंद मिळतात, नंतर सगळं जुन्यासारखं होतं. पडदा काळा पडला तर घाबरून काहीही दाबू नका, हात बांधून बसा. जुनं चित्र परत येईल.

आता पोर्ट का बदलायचे नाहीत ते. ग्नोम ही मांडणी लक्षात ठेवतं ती मॉनिटरच्या ओळखीबरोबर पोर्टाचं नावही जोडून. तोच मॉनिटर शेजारच्या पोर्टात लावलात तर ग्नोमच्या लेखी ती नवी जोडी असते आणि मांडणी पुन्हा करावी लागते. सेटिंग्ज पुसली गेली असं वाटतं, पण पुसलेलं काही नसतं. केबल जुन्या पोर्टात लावा, मांडणी परत हजर.

६. मुख्य मॉनिटर आणि वर्कस्पेस

प्रायमरी डिस्प्ले कुठला ते निवडा. ग्नोममध्ये वरची पट्टी तिथेच येते. चौकटीवरचा १ किंवा २ हा आकडा फक्त ओळखीसाठी असतो, मुख्य कोण हे त्यावरून ठरत नाही. केडीईत पॅनेल दोन्हीकडे हवं असेल तर दुसऱ्या मॉनिटरवर ते वेगळं जोडावं लागतं.

ग्नोममध्ये वर्कस्पेस (खिडक्यांचा वेगळा संच ठेवायचा आभासी डेस्कटॉप) बदलली तरी दुसऱ्या मॉनिटरवरच्या खिडक्या हलत नाहीत. काहींना हे बिघडल्यासारखं वाटतं. ‘मल्टिटास्किंग’मध्ये वर्कस्पेस सगळ्या डिस्प्लेंवर करण्याचा पर्याय आहे. तो घेण्यापूर्वी दोन दिवस आहे तसं वापरून बघा. एका मॉनिटरवर संदर्भाची खिडकी कायम उघडी ठेवायची असेल तर मूळ वागणूकच बरी पडते.

आवाज अचानक बंद झाला? एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून आवाजही जातो. ‘साउंड’मध्ये आउटपुट नव्या मॉनिटरवर गेलेलं असेल, ते स्पीकरवर परत आणा. आणि दुसरा मॉनिटर म्हणून टीव्ही लावला असेल व कडा कापल्या जात असतील, तर दोष ओव्हरस्कॅनचा, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतो त्याचा. तो टीव्हीच्याच मेनूत बंद करायचा असतो.

७. लॉगिनचा पडदा

डेस्कटॉप नीट झाला तरी लॉगिनचा पडदा चुकीच्या मॉनिटरवर किंवा आडवा येतो, कारण त्याची मांडणी वेगळी साठवलेली असते. केडीईत ‘लॉगिन स्क्रीन’च्या सेटिंगमध्ये तुमची मांडणी तिकडे लागू करण्याचं बटण आहे. ग्नोममध्ये, तुमच्या होम फोल्डरातल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘मॉनिटर्स’ नावाची एक्सएमएल फाइल असते. तिची प्रत लॉगिन मॅनेजर जीडीएमच्या कॉन्फिग फोल्डरात ठेवावी लागते. लपलेले फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून दिसतात. प्रत ठेवताना अ‍ॅडमिनचा अधिकार लागेल. मांडणी पुढे बदललीत तर ही प्रत आपोआप बदलत नाही, हे ध्यानात असू द्या.

८. एक्स११ वाल्यांसाठी

‘एक्सरँडआर’ नुसती चालवली की पोर्टांची यादी येते. ‘कनेक्टेड’ म्हणजे मॉनिटर ओळखला. आकड्यांशेजारी चांदणी म्हणजे आत्ता चालू असलेला मोड, अधिकचं चिन्ह म्हणजे मॉनिटरला स्वतःला आवडणारा. मात्र या कमांडीने केलेला बदल लॉगआउट होईपर्यंतच टिकतो. आज लावलं, उद्या गेलं, असं होत असेल तर कारण हेच. मांडणी डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून करा, ती टिकते. हलक्या विंडो मॅनेजरमध्ये तशी सोय नसेल तर ‘एआरँडआर’मध्ये माउसने मांडणी करून तिची स्क्रिप्ट साठवा आणि सेशन सुरू होताना ती चालेल असं करा.

मॉनिटर कनेक्टेड आहे, पण रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या वर जात नाही, असं असेल तर मॉनिटरची ओळखपत्रिका, म्हणजे ईडीआयडी, कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाहीये. मध्ये स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर किंवा केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन कॉम्प्युटरांना वापरू देणारा) असेल तर तो काढून थेट केबल लावून बघा. नवा मोड हाताने घालण्याची कमांड आहे, पण ती या कामात अगदी शेवटची.

९. अडलंच तर

ग्नोम आणि केडीईत सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि पी एकत्र दाबलं की जॉइन, मिरर, फक्त एक मॉनिटर असे पर्याय फिरतात. चित्र भलत्याच मॉनिटरवर गेलं असेल तर आधी हे करा.

मांडणी इतकी बिघडली की आवरत नाही, तर वर सांगितलेल्या ‘मॉनिटर्स’ फाइलचं नाव बदला, लॉगआउट करून परत या. ग्नोम नव्याने मांडणी करेल. फाइल उडवू नका, नाव बदललं की पुरतं. सिनॅमनमध्ये त्याच फोल्डरात ‘सिनॅमन-मॉनिटर्स’ अशी फाइल असते. डेस्कटॉप दिसतच नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या लॉगिनवर जा आणि हेच तिथून करा.

थोडा वेळ उठून गेलात आणि परत आल्यावर सगळ्या खिडक्या एकाच मॉनिटरवर गोळा झालेल्या असतात? डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर झोपले की केबल काढल्यासारखे गायब होतात. मॉनिटरच्या मेनूत ‘डीप स्लीप’सारखा पर्याय असेल तो बंद करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

जुन्या कार्डाच्या जागी नवं बसवल्यावर एक्स११ सुरूच होत नसेल, तर ईटीसी फोल्डरातल्या ‘एक्स११’मध्ये ‘एक्सऑर्ग’ नावाची कॉन्फ फाइल पडलीय का ते बघा. एन्व्हिडियाच्या सेटिंग्ज खिडकीत कधीतरी ‘सेव्ह’ दाबलेलं असतं, त्यातून ती तयार होते आणि जुन्या कार्डाचा पत्ता धरून बसते. नाव बदलून बाजूला ठेवा आणि रीस्टार्ट करा. नेहमीच्या दोन मॉनिटरांसाठी त्या फाइलची गरज पडत नाही.